परदेशी फौजेत आपलं सैन्य: परवानगी कोणाची, हुकूम कोणाचा, खटला कुठे?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ पायदळात आहे आणि त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर जाण्याची शक्यता आहे. त्यावरून घरात आणि गावात वाद झाला. सरकार संसदेला न विचारता सैन्य परदेशी पाठवू शकतं का? तिथे परदेशी जनरलचा हुकूम आपल्या जवानावर चालतो का? आणि त्याच्या हातून काही वावगं घडलं तर खटला तिथे चालतो की इथे? इतर देशांत काय पद्धत आहे, हेही त्यांना जाणून घ्यायचंय. गावातल्या एका वकीलसाहेबांनी तर सांगून टाकलं, की परकीय सेनापतीच्या हाताखाली भारतीय सैन्य देणं हेच मुळात घटनाबाह्य आहे.

मी सैन्याच्या विधी शाखेत, म्हणजे जॅगमध्ये, नोकरी केली. मोहिमेवर निघालेल्या तुकड्यांचे कागद तपासणं आणि परत आल्यावर उरलेली प्रकरणं निस्तरणं हे त्या नोकरीतलं नेहमीचं काम. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं उत्तर सरळ आहे. संसदेची पूर्वपरवानगी लागत नाही आणि वकीलसाहेबांचं म्हणणं बरोबर नाही. मात्र त्यांना जी शंका आली तिला थोडा आधार आहे. तो घटनेत सापडणार नाही, आर्मी ॲक्टमध्ये सापडतो. त्याकडे पुढे येतो.

सैन्य परदेशी कोणी आणि कसं पाठवायचं, याचं स्वतंत्र कलम आपल्या घटनेत नाही. इकडची तिकडची कलमं जोडून अर्थ लावावा लागतो. कलम ५३(२) प्रमाणे संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित व्हायचा आहे. कलम ७३ प्रमाणे ज्या विषयांवर संसद कायदा करू शकते, त्या सगळ्या विषयांत केंद्र सरकारला कारभार करता येतो. आता सातव्या अनुसूचीतली केंद्रसूची पाहा. नोंद २ सैन्यदलं, नोंद १० परराष्ट्र व्यवहार, नोंद १२ संयुक्त राष्ट्रसंघ, नोंद १४ परदेशांशी करार, नोंद १५ युद्ध आणि शांतता. यातल्या कुठल्याही नोंदीखाली संसद उद्या सकाळी कायदा करू शकते. पंचाहत्तर वर्षांत केलेला नाही. आणि कायदा नसला म्हणजे सरकारने हात बांधून बसायचं, असं होत नाही. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. तो खटला होता पंजाबातल्या शालेय पुस्तकांच्या प्रकाशनाचा. आज फौज परदेशी पाठवण्याच्या अधिकाराची बाजू मांडताना त्याच निकालाचा हवाला द्यावा लागतो, याची मला नेहमी गंमत वाटते. पुढे १९६९ मध्ये कच्छच्या लवादाविरुद्धच्या मगनभाई पटेल खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की परदेशाशी करार करायला संसद लागत नाही. नागरिकांच्या हक्कांवर गदा येत असेल किंवा देशातला कायदा बदलत असेल तरच लागते. जवान परदेशी पाठवल्याने यातलं काही होत नाही, असंच सरकार आजवर धरून चाललंय.

एक छोटा कायदा फार थोड्या लोकांना माहीत असतो. १९४७ चा युनायटेड नेशन्स (सिक्युरिटी कौन्सिल) ॲक्ट. सुरक्षा परिषदेने निर्बंध घातले तर ते भारतात लागू करण्याचा अधिकार तो केंद्राला देतो. पण तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या अनुच्छेद ४१ पुरता आहे, म्हणजे ज्यात सशस्त्र बळ वापरायचं नाही अशा उपायांपुरता. अनुच्छेद ४२, जिथून बळाचा वापर सुरू होतो, तो या कायद्यात नाहीच. म्हणजे व्यापार थांबवायचा असेल तर संसदेचा कायदा हाताशी आहे आणि पलटण पाठवायची असेल तर कायद्याचं पान कोरं. खुद्द सनदेच्या अनुच्छेद ४३ मध्ये अशी योजना होती, की देशांनी सुरक्षा परिषदेशी आधीच करार करून फौजा राखून ठेवायच्या आणि हे करार प्रत्येक देशाने आपापल्या घटनेप्रमाणे मंजूर करून घ्यायचे. असा एकही करार आजवर झाला नाही. त्यामुळे प्रत्येक मोहिमेला नव्याने माणसं मागायची आणि प्रत्येक देशाने नव्याने हो-नाही म्हणायचं, हीच पद्धत पडली.

आपल्याकडे हे हो-नाही मंत्रिमंडळ म्हणतं. १९५० साली कोरियाला ‘६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स’ ही वैद्यकीय तुकडी गेली, १९५३ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीला कस्टोडियन फोर्स गेला, १९५६ मध्ये गाझा आणि सिनाईत, १९६१ मध्ये काँगोत अख्खी ब्रिगेड. आजवर अडीच लाखांहून जास्त भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून आले. संसदेत चर्चा झाल्या, प्रश्न विचारले गेले, पण आधी मतदान घेऊन मग विमान उडालं असं झालं नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेत शांतिसेना उतरली ती २९ जुलैच्या करारावर. ती संयुक्त राष्ट्रांची नव्हतीच, दोन देशांमधली होती. अकराशेहून जास्त जवान तिथे मारले गेले आणि तरीही तिच्यासाठी सभागृहाची पूर्वसंमती घेतलेली नव्हती. संसदेच्या हातात उरतं ते नंतरचं: अनुदानाच्या मागण्या, प्रश्नोत्तरं, अविश्वासाचा ठराव. पैशाची नाडी तर फार सैल आहे, कारण पगार आणि दारूगोळा संरक्षणाच्या नेहमीच्या खर्चातून जातो आणि संयुक्त राष्ट्रं नंतर माणशी दराने भरपाई देतात. २०१८ मध्ये हा दर महिन्याला १,४२८ डॉलर होता. तो सरकारच्या तिजोरीत जमा होतो, जवानाच्या खात्यात नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गावाकडे नेमका उलटा समज असतो.

मग "आम्ही फक्त संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखालीच जातो" हा नियम कुठून आला? ते धोरण आहे, कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. आणि ते पक्कं झालं २००३ च्या इराकमुळे.

ते प्रकरण नीट पाहण्यासारखं आहे. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमताने केला, तेव्हा सभापती मनोहर जोशी होते. त्यानंतर अमेरिकेने भारताकडे साधारण एका डिव्हिजनएवढं सैन्य मागितलं. सतरा हजारांचा आकडा तेव्हा सगळीकडे छापून येत होता. दिल्लीत बरीच मंडळी अनुकूल होती. १४ जुलै २००३ ला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ठरवलं, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता. तसा तो नसल्याने नाही. परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हांनी ते जाहीर केलं. लोकसभेचा ठराव सरकारला कायद्याने बांधत नव्हता. राजकीयदृष्ट्या मात्र तो ओलांडणं अवघड होतं.

राजकारण बाजूला ठेवून त्यातला कायदा पाहू. २२ मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव १४८३ ने अमेरिका आणि ब्रिटन यांना इराकमधल्या ताबेदार सत्ता, म्हणजे परक्या मुलखावर लष्करी ताबा ठेवणाऱ्या सत्ता, म्हणून गृहीत धरलं, म्हणजे चौथ्या जिनिव्हा करारातली सगळी जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. त्याच ठरावाच्या प्रस्तावनेत एक पळवाट होती: दुसरे काही देश ताबेदार न होता या सत्तेखाली काम करू शकतील. दिल्लीत याच वाक्यावर बोट ठेवून सांगितलं जात होतं, की आपण ताबेदार ठरणार नाही. आता आपला आर्मी ॲक्ट, १९५० उघडा. कलम ३(i) मध्ये ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’ची व्याख्या आहे. शत्रूविरुद्ध कारवाई करणारी फौज त्यात येते, शत्रूने व्यापलेल्या मुलखातली फौज येते आणि शेवटी "परदेशावर लष्करी ताबा असलेल्या फौजेला जोडलेला किंवा तिचा भाग असलेला" माणूसही येतो. न्यूयॉर्कच्या ठरावाने आपल्याला ताबेदार म्हटलं नसतं, पण आपल्याच कायद्याने आपला शिपाई ताबेदार फौजेला जोडलेला ठरला असता. आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या आघाडीतल्या सैनिकांना स्थानिक कोर्टांपासून संरक्षण होतं ते ताबेदार प्रशासनाच्या आदेश क्रमांक १७ ने. इराकच्या कुठल्या सरकारशी झालेल्या करारातून ते आलेलं नव्हतं, कारण तसं सरकारच अस्तित्वात नव्हतं. देणाऱ्याचा ताबा संपला की त्या कागदाची किंमत काय राहते, हा प्रश्न कुठल्याही लष्करी वकिलाने पहिल्या दिवशी विचारला असता. १६ ऑक्टोबर २००३ ला ठराव १५११ ने बहुराष्ट्रीय फौजेला अधिकार दिला, तोवर भारताचं उत्तर ठरून गेलं होतं.

तेव्हापासून ही सवयच झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये निर्मला सीतारामन यांनी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांशेजारी उभं राहून अफगाणिस्तानात भारतीय सैनिक उतरणार नाहीत असं सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात अमेरिकेच्या पुढाकाराने नौदलांची आघाडी उभी राहिली. भारत तिच्यात गेला नाही, आपली जहाजं त्याने स्वतंत्रपणे पाठवली. आता गाझासाठी सुरक्षा परिषदेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ठराव २८०३ ने ज्या स्थिरीकरण फौजेला मान्यता दिली, ती संयुक्त राष्ट्रांची मोहीम आणि अशा आघाड्या या दोन्हींच्या मधली आहे: परिषदेचा अधिकार आहे, पण फौज संयुक्त राष्ट्रांची नाही, तिचा सेनापती महासचिवांना उत्तरदायी नाही. "झेंडा आहे की नाही" एवढ्यावर इथे निर्णय होत नाही. अशा फौजेत जायचं म्हटलं तर प्रत्येक गोष्ट वेगळ्या करारात लिहून घ्यावी लागेल.

आता हुकमाचा प्रश्न. इथे वकीलसाहेबांच्या शंकेला जागा आहे.

संयुक्त राष्ट्रांना देश सैन्य देतात तेव्हा पूर्ण कमांड देत नाहीत, ‘ऑपरेशनल कंट्रोल’ देतात. म्हणजे फोर्स कमांडर, मोहिमेचा सेनापती, तुमच्या पलटणीला कुठे तैनात करायचं, कुठे गस्त घालायची, कोणता पूल धरायचा हे ठरवू शकतो. बढती, शिक्षा, रजा, परत बोलावणं हे सगळं दिल्लीकडेच राहतं. समजा एका परदेशी जनरलने आपल्या कंपनी कमांडरला थेट सांगितलं, "आज रात्री त्या गावात शीर," आणि तो गेला नाही. आर्मी ॲक्टचं कलम ४१ वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडण्याबद्दल आहे. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर असताना त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ‘सुपीरियर ऑफिसर’ कोण, हे कलम ३ मध्ये सांगितलंय. आपले जेसीओ, एनसीओ, म्हणजे सुभेदार, हवालदार वगैरे, त्यात आहेत. नौदल-वायुदलाचे अधिकारी, त्यांच्या हाताखाली ठेवलं असेल तर, त्यात आहेत. परदेशी सैन्याचा जनरल त्यात नाही. माझ्या वाचनाप्रमाणे त्या जनरलचा तोंडी हुकूम मोडणं हा कलम ४१ खालचा गुन्हा उभा राहत नाही. म्हणूनच प्रत्यक्षात फोर्स कमांडरचा आदेश मोहिमेच्या मुख्यालयातून भारतीय कंटिन्जंट कमांडरकडे, म्हणजे आपल्या तुकडीच्या प्रमुखाकडे, येतो, तो स्वतःच्या सहीने तो खाली देतो आणि त्या सहीबरोबर तो भारतीय अधिकाऱ्याचा हुकूम होतो. कामठीला सैन्याची विधी संस्था आहे. हा प्रश्न तरुण अधिकाऱ्यांसमोर टाकला की निम्मे जण आधी "अर्थात चालतो" म्हणतात आणि मग व्याख्या वाचून गप्प होतात.

या साखळीत प्रत्येक देश आपापल्या अटी घालतो. या अटींना मोहिमेत ‘कॅव्हिएट’ म्हणतात: अमुक सेक्टरबाहेर जाणार नाही, जमाव पांगवण्याच्या कामाला पलटण वापरायची नाही, वगैरे. लेखी, आधी कळवलेल्या अटींचं काही वाटत नाही. फोर्स कमांडर त्या धरूनच आखणी करतो. त्रास देतात त्या न लिहिलेल्या, म्हणजे ऐन वेळी राजधानीतून येणारा फोन. सिएरा लिओनमध्ये २००० साली हेच चव्हाट्यावर आलं. मेपासून जुलैच्या मध्यापर्यंत कैलाहुनला सव्वादोनशेच्या आसपास भारतीय सैनिक बंडखोरांच्या वेढ्यात अडकले होते. फोर्स कमांडर भारतीयच, मेजर जनरल विजय जेटली. तरी सगळ्या देशांच्या तुकड्या त्यांच्या शब्दावर हलत नव्हत्या. भारतातून जादा कुमक आणि हेलिकॉप्टर्स गेली आणि १५-१६ जुलैला ऑपरेशन खुकरी करून वेढा फोडला. सप्टेंबरमध्ये जेटलींचा नायजेरियन सहकाऱ्यांवर टीका करणारा अहवाल बाहेर फुटला आणि भारताने आपली तुकडी काढून घेत असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी ना सुरक्षा परिषदेला विचारावं लागलं, ना आपल्या संसदेला.

तिसरा प्रश्न खटल्याचा. घरच्यांना खरी धाकधूक असते ती याचीच.

तिथल्या पोलिसांना आपल्या जवानावर फौजदारी खटला चालवता येत नाही. यजमान देशाशी संयुक्त राष्ट्रं जो करार करतात, ज्याला ‘सोफा’ म्हणतात, त्याचा नमुना १९९० चा आहे. त्यात लष्करी तुकड्यांवरचा फौजदारी अधिकार फक्त पाठवणाऱ्या देशाचा, असं स्वच्छ लिहिलंय. फोर्स कमांडरही शिक्षा देऊ शकत नाही, फार तर "याला परत न्या" म्हणू शकतो. २०१६ च्या ठराव २२७२ नंतर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत अख्खी तुकडी परत पाठवण्याची वाट मोकळी झाली आहे. आणि संयुक्त राष्ट्रांशी होणाऱ्या सामंजस्य करारात २००७ नंतर अट आहे, की गैरवर्तनाची खबर मिळाल्यावर आपण स्वतः चौकशी करणार का हे दहा कामकाजाच्या दिवसांत कळवायचं. नाही कळवलं तर त्यांची चौकशी सुरू होते.

खटला चालतो तो इथल्या कायद्याने. आर्मी ॲक्टच्या कलम २ मध्ये या कायद्याखालची माणसं "कुठेही असोत" कायद्याखालीच राहतात. देशात एखाद्या जवानाने सामान्य नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला तर एरवी ते प्रकरण साध्या फौजदारी कोर्टात जातं, कोर्ट मार्शलला ते चालवता येत नाही. कलम ७० ला मात्र अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे "भारताबाहेर कुठेही". म्हणून परदेशात घडलेला असा गुन्हा कोर्ट मार्शलपुढे येऊ शकतो. साध्या कोर्टात न्यायचं तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ प्रमाणे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १८८ प्रमाणे, केंद्राची मंजुरी लागते.

कागदावर हे भक्कम आहे. व्यवहारात दोन ठिकाणी अडतं. एक, पुरावा. फिर्यादी बाई काँगोतल्या एखाद्या खेड्यात, पलटण केव्हाच मेरठला नाही तर बेळगावला परतलेली, आणि भारतीय कोर्ट मार्शलला परदेशी साक्षीदाराला समन्स काढून आणता येत नाही. दोन, मुदत. कलम १२२ प्रमाणे तीन वर्षांच्या आत कोर्ट मार्शल सुरू व्हावं लागतं. गुन्हा किंवा गुन्हेगार कोण हे उशिरा कळलं तर मोजणी तेव्हापासून होते, पण "सक्षम अधिकाऱ्याला नेमकं कधी कळलं" यावरच निम्मे खटले लढवले जातात. मोहिमेच्या मुख्यालयाचं पत्र दिल्लीत पोचलं ती तारीख धरायची, की युनिटला मिळालं ती? बचाव पक्षाचा वकील पहिला हात तिथेच घालतो. माझं मत विचाराल तर गैरवर्तनाच्या प्रकरणांत आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. चौकशी अधिकारी लगेच विमानात बसवला जात नाही, तिथे घोडं पेंड खातं.

ॲक्टिव्ह सर्व्हिसचा मुद्दा इथे पुन्हा येतो. शांतिसेनेत शत्रू नसतो, ताबाही नसतो, मग जवान ॲक्टिव्ह सर्व्हिसवर आहे का? व्याख्येतला ‘शत्रू’ तसा रुंद आहे. सशस्त्र बंडखोर, दंगेखोर, चाचे आणि ज्यांच्याविरुद्ध कारवाई करणं कर्तव्य आहे असा कुठलाही हत्यारबंद माणूस त्यात बसतो. तरी वाद नको म्हणून कलम ९ खाली अधिसूचना काढून सरकार तसं जाहीर करू शकतं. ही अधिसूचना जवानाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. पळून जाण्याच्या गुन्ह्याला एरवी सात वर्षं आहेत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर देहान्तापर्यंत शिक्षा आहे. शिवाय तीन अधिकाऱ्यांचं समरी जनरल कोर्ट मार्शल भरवता येतं. ज्या घरातला मुलगा जातो त्या घराला हे कोणी सांगत नाही.

इतर देशांत काय आहे, हेही विचारलंय. जर्मनीचं उदाहरण सगळ्यांत शिकण्यासारखं. तिथल्या घटना न्यायालयाने १२ जुलै १९९४ ला ठरवलं, की संयुक्त राष्ट्रं किंवा नाटोबरोबर सैन्य पाठवायला घटनेची आडकाठी नाही, पण सशस्त्र कामगिरीला संसदेची, बुंडेस्टागची, आगाऊ संमती लागेल. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारला अर्जात काम काय, प्रदेश कोणता, कायदेशीर आधार काय, जास्तीत जास्त किती सैनिक, किती काळ आणि किती खर्च, हे सगळं लिहून द्यावं लागतं. सभागृह हो म्हणतं किंवा नाही म्हणतं. मजकुरात बदल करू शकत नाही. दिलेली संमती नंतर काढूनही घेऊ शकतं. १६ नोव्हेंबर २००१ ला चॅन्सेलर श्रोडर यांनी अफगाण मोहिमेसाठीचं मतदान थेट विश्वासदर्शक ठरावाला जोडलं. ३३४ मतं लागत होती, ३३६ मिळाली. २००३ मध्ये नाटोच्या टेहळणी विमानांतून जर्मन सैनिक तुर्कस्तानावर उडाले, तेव्हा सरकार म्हणालं, ही नेहमीचीच गस्त आहे, संमती कशाला? पाच वर्षांनी, मे २००८ मध्ये, न्यायालयाने सांगितलं, लागत होती. पण त्याच न्यायालयाने लिबियातून माणसं सोडवण्याच्या २०११ च्या मोहिमेबद्दल २०१५ मध्ये व्यवहार्य भूमिका घेतली: घाईची वेळ असेल तर सरकारने आधी करावं, मोहीम संपूनच गेली असेल तर मागाहून संमती नको, माहिती द्यावी.

आयर्लंडमध्ये बारापेक्षा जास्त सैनिक पाठवायचे तर संयुक्त राष्ट्रांची मान्यता, सरकारचा निर्णय आणि संसदेचा ठराव, अशा तीन कड्या आहेत. त्यातली पहिली काढायची, असा तिथल्या सरकारचा आता प्रयत्न चाललाय, कारण सुरक्षा परिषदेतला एक नकाराधिकार आयरिश सैनिकांना घरी बसवू शकतो. आपल्याकडचं अलिखित धोरण नेमकं त्याच कडीवर उभं आहे, हे लक्षात घ्या.

नेदरलँड्समधून वेगळा धडा मिळतो. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात १९९५ मध्ये हत्याकांड झालं तेव्हा तिथले डच शांतिसैनिक संयुक्त राष्ट्रांच्या हाताखाली होते, म्हणून जबाबदारी संयुक्त राष्ट्रांची, असं डच सरकारचं म्हणणं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते मानलं नाही: पलटणीवर प्रत्यक्ष नियंत्रण हेगचंही, म्हणजे डच सरकारचंही, होतं, म्हणून जबाबदारी त्यांचीही. २०१९ मध्ये तळावरून बाहेर काढलेल्या आणि मग मारल्या गेलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांबाबत त्याच न्यायालयाने डच सरकारवर दहा टक्के दायित्व टाकलं. राजधानीतून फोन करून पलटण हलवायची सवय असलेल्या सगळ्या देशांनी हा निकाल वाचावा. नियंत्रण आपल्याकडे ठेवलं की दायित्वही आपल्याकडे येतं. आपल्या न्यायालयांपुढे असा दावा उभा राहिला तर त्यांना हाच युक्तिवाद ऐकावा लागेल.

समुद्रावर आपण थोडे पुढे आहोत. २०२२ मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा झाला आणि मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ जहाजावरून पकडलेले ३५ सोमाली चाचे आयएनएस कोलकाताने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. कुठल्या आघाडीच्या नियमांवर विसंबावं लागलं नाही. दूरच्या समुद्रात कोणाला पकडायचं, कुठे आणायचं, कोणत्या कोर्टात उभं करायचं, हे संसदेने आधी लिहून ठेवलं होतं. जमिनीवरच्या मोहिमांसाठी असं लिहिलेलं काही नाही.

जर्मनीसारखी सक्तीची पूर्वसंमती आपल्याकडे आणावी का? मला तसं वाटत नाही. मालदीवमध्ये १९८८ ला एका रात्रीत पॅराट्रूपर्स उतरवावे लागले. तेव्हा सभागृहाची वाट पाहणं शक्य नव्हतं. पण पंधरा-वीस कलमांचा एक कायदा हवा: तुकडी निघाल्यापासून ठरावीक दिवसांत आदेशाचा आधार, प्रदेश, संख्येची कमाल मर्यादा, मुदत आणि करारातला अधिकारक्षेत्राचा भाग दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा, वर्षाहून जास्त मुक्काम झाला तर चर्चा घ्यायची, आणि परदेशी सेनापतीचा हुकूम कोणत्या मार्गाने आला म्हणजे आपल्या जवानावर बंधनकारक होतो, हे आर्मी ॲक्टमध्ये एका कलमात लिहून टाकायचं. बळ कधी वापरायचं याचे नियम गुप्त राहिले तरी चालतील, ते रास्त आहे. बाकीच्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या भावापुरतं. त्याला परदेशी अधिकाऱ्याकडून थेट काही सांगण्यात आलं तर त्याने आपल्या प्लाटून किंवा कंपनी कमांडरला लगेच कळवावं आणि हुकूम त्यांच्याकडून घ्यावा. गोळी केव्हा चालवायची याचं छोटं कार्ड प्रत्येकाला मिळतं. ते पाठ असावं, कारण मागाहून होणाऱ्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. आणि निघण्यापूर्वी नॉमिनीची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीतली लेखी नोंद, झाली आहे का, हे युनिटच्या ऑफिसात जाऊन डोळ्यांनी पाहावं. लग्न झाल्यावर बायकोचं नाव चढवायचं राहून गेलेलं असतं, आणि काही बरंवाईट झालं तर संयुक्त राष्ट्रांची भरपाई सरकारमार्फत त्याच कागदावरच्या नावाला जाते.